‘सपोर्ट करणे’ : एका क्रियापदाचे मराठीतील वास्तव्य

चर्चासत्रातील वक्ता एखाद्या नव्या कवीविषयी बोलताना ‘या कवितेला सपोर्ट केला पाहिजे’ असे म्हणतो. वर्गणीदारांची संख्या रोडावलेल्या नियतकालिकाचा संपादक ‘आमच्या अंकाला सपोर्ट करा’ असे आवाहन करतो. मौखिक परीक्षेत संशोधक विद्यार्थी ‘हे विधान सपोर्ट करणारे पुरावे’ अशी शब्दयोजना करून जातो आणि परीक्षकाला त्यात काही खटकत नाही. तीन प्रसंगी तीन वेगळ्या क्रिया घडत आहेत. पहिल्या ठिकाणी मूल्यनिर्णय अपेक्षित आहे, दुसऱ्या ठिकाणी पैसे, तिसऱ्या ठिकाणी प्रमाण. क्रियापद मात्र एकच आहे, आणि ते इतके अंगवळणी पडले आहे की या तीन क्रियांमधील अंतर बोलणाऱ्याच्याही ध्यानात राहत नाही. समीक्षेच्या दृष्टीने प्रश्न उद्भवतो तो येथे.

हा प्रश्न भाषाशुद्धीचा मानला तर तो हातचा निसटेल. माधव जूलियनांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ (१९३८) लिहिला त्या काळी परकीय शब्दाला स्वकीय प्रतिशब्द शोधून देणे हेच काम मानले जाई, आणि त्या प्रयत्नांतून मराठीला काही टिकाऊ शब्द लाभले हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ‘सपोर्ट’च्या जागी ‘पाठिंबा’ बसवला की वरील तीन वाक्यांपैकी जेमतेम एक सुधारते. ‘विधानाला पाठिंबा देणारे पुरावे’ हे मराठी नव्हे. पुरावा विधानाला पुष्टी देतो. ‘अंकाला पाठिंबा द्या’ असे म्हटल्यास वाचक मान डोलावील आणि वर्गणी पाठवणार नाही. म्हणजे एका शब्दाने दुसऱ्या शब्दाची जागा घेतली, असे येथे घडलेले नाही. पूर्वी वेगवेगळ्या शब्दांत विभागलेला एक अर्थप्रदेश एका शब्दाच्या ताब्यात गेला आहे.

या ताब्याचे स्वरूप प्रथम व्याकरणात पाहावे. मराठीत पाठिंबा ‘दिला’ जातो. देण्याची वस्तू असल्यामुळे तो घेता येतो, मागता येतो, जाहीर करता येतो आणि मुख्य म्हणजे काढून घेता येतो. राजकीय वृत्तलेखनातील ‘पाठिंबा काढून घेतल्याने सरकार अल्पमतात आले’ हे वाक्य या व्याकरणावरच उभे असते. ‘दिला’ हे भूतकाळी रूप ज्या क्षणाकडे बोट दाखवते त्या क्षणाला तारीख असते, बहुधा साक्षीदारही असतात. ‘मी तुम्हांला सपोर्ट करतो’ या वाक्याची घडण वेगळी आहे. तेथील वर्तमानकाळ रीतिवर्तमान आहे. ‘मी सकाळी चहा घेतो’ या वाक्यातला. सपोर्ट कधी सुरू झाला, कशाने सुरू झाला, कोणत्या अटीवर संपेल, याची विचारणा त्या वाक्यात बसत नाही. क्रिया म्हणून उच्चारलेली गोष्ट वस्तुतः वृत्तीचे वर्णन आहे. ‘सपोर्ट दिला’ असेही बोलले जाते हे खरे. पण तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात बहुधा मदत असते, मत नसते. ‘आजारपणात शेजाऱ्यांनी खूप सपोर्ट दिला’ या वाक्यात जाहीर मान्यतेचा लवलेशही नाही.

मराठीने हा अर्थप्रदेश किती बारकाईने वाटून घेतला होता ते पाहिल्यावर गमावण्याची मोजदाद करता येते. ‘दुजोरा’ बातमीला किंवा विधानाला मिळतो, माणसाला नाही. त्यासाठी पहिल्या बोलणाऱ्याहून वेगळा, त्याच्यावर अवलंबून नसलेला दुसरा कोणी लागतो. ‘समर्थन’ कारणांवाचून होत नाही. शिवाय त्याला एक बचावाची छटा आहे : ज्यावर आक्षेप आलेला आहे किंवा येण्याजोगा आहे त्याचेच समर्थन करावे लागते. सूर्योदयाचे समर्थन कोणी करत नाही. ‘भलावण’ करणाऱ्याकडे ऐकणारा किंचित संशयाने पाहतो. ‘शिफारस’ फारसीतून येताना दरबार बरोबर घेऊन आली. ती वरच्याकडे, खालच्यासाठी, मधल्याने करायची असते. ‘पाठराखण’ म्हणताना मराठी कानाला पाठराखीण आठवते, म्हणजे नव्या नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जाणारी बाई. ती नवरीच्या वतीने भांडत नाही, तिचे गुणगानही करत नाही. परक्या घरात ती नुसती बरोबर असते आणि काही दिवसांनी परत येते. एका नात्यातील मुदतबंद उपस्थिती त्या शब्दाच्या मुळाशी आहे. आज ‘चुकीच्या माणसाची पाठराखण’ असा त्याचा वापर रूढ झाला, त्यात त्या बाईवर थोडा अन्यायच झाला आहे.

‘तळी उचलणे’ हा वाक्प्रचार अधिक बोलका आहे. खंडोबाच्या कुळाचारात ताम्हनात भंडारा, खोबरे, पाने, सुपारी ठेवून काही जण मिळून ते ताम्हन मल्हारीच्या जयघोषात वर उचलतात. तळी एकट्याने उचलायची नसते. सगळ्यांचे हात ताटाला एकदम लागावे लागतात. वाक्प्रचारात येताना मात्र ती ‘एखाद्याची’ तळी झाली. समूहाने देवासाठी उचललेले ताट एकाने दुसऱ्यासाठी उचलले की विधीची खुशामत होते, हा निवाडा मराठीने एका षष्ठी विभक्तीत करून ठेवला आहे. गाण्याच्या साथीतून आलेले ‘री ओढणे’ आणि पोवाड्यातल्या झीलकऱ्याची आठवण देणारे ‘झील धरणे’ यांचेही असेच झाले. फडावर झीलकऱ्याचे काम कमी प्रतीचे नसते. त्याच्या सुरावाचून शाहिराचा दम टिकत नाही. तेच काम सुराऐवजी मतासाठी केले की ते हास्यास्पद ठरते. कोणाच्या आवाजात आवाज मिळवणे केव्हा साथ असते आणि केव्हा लाचारी, याचा विवेक या शब्दांच्या वापरातच मुरलेला होता. ‘सपोर्ट’ला असा भूतकाळ नाही. त्यामुळे त्याला लाजही नाही.

संस्कृतातून आलेल्या ‘अनुमोदना’चे मूल्य यांहून वेगळे आहे. शब्दाच्या घडणीत ‘मोद’ आहे : दुसऱ्याच्या कृतीने आपणही आनंदित होणे. पण परंपरेने या आनंदाची जबाबदारी निश्चित केली होती. पातंजल योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसादी दोषांचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार सांगितले आहेत. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करवणे आणि केलेल्याला संमती देणे, या तिन्हींचा हिशेब एकाच खात्यावर मांडला जातो. जैन आचारविचारातही हे त्रिक ठाम आहे. अनुमोदन देणारा प्रेक्षक राहत नाही, तो कर्त्यांच्या पंक्तीत बसतो, ही कल्पना आधुनिक सभाशास्त्राने फारशी गंभीरपणे घेतली नसली तरी तिचा एक सांगाडा जपला आहे : ठरावाला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो, आणि दोघांची नावे इतिवृत्तात येतात.

इंग्रजीतील संबंधित क्रियापदांची व्युत्पत्तीही येथे उपयोगी पडते, कारण तेथेही हे अर्थ मुळात एक नव्हते. ‘सपोर्ट’ लॅटिनमधून आला. त्याचा मूळार्थ खालून भार वाहणे. ‘एन्डॉर्स’च्या मुळाशी पाठ आहे, पण ती माणसाची पाठ नसून दस्तऐवजाची : कागदाच्या मागच्या बाजूला सही करणे. हुंडीच्या मागे सही करणारा रक्कम बुडाल्यास जबाबदार राही. ‘अ‍ॅप्रूव्ह’ या क्रियापदाच्या मुळाशी पारख करणे, कसाला लावणे हा अर्थ आहे. भार, सही आणि कस या तीन निराळ्या कल्पना. मराठीत त्यांपैकी भाराची कल्पना प्रामुख्याने ‘आधार’ आणि ‘टेकू’ या शब्दांकडे होती. उभे राहण्याची ‘पाठिंब्या’कडे. आधार देणाऱ्याच्या अंगावर वजन येते, पाठिंबा देणाऱ्याच्या अंगावर येईलच असे नाही. मराठीत ‘सपोर्ट’ हा शब्द आला तो या दोहोंमधील भिंत पाडून.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांत वाक्कृतींचे वर्गीकरण करताना एक गोष्ट केली, जिच्याकडे मराठीत पुरेसे लक्ष गेलेले नाही. कोणाचा पक्ष घेणे, कैवार घेणे, एखाद्या मताचा अंगीकार करणे, या क्रिया त्यांनी वचन देण्याच्या वर्गात घातल्या. म्हणजे असे बोलणारा पुढील वर्तनाने बांधला जातो. वाहवा करणे, पसंती दर्शवणे या क्रिया मात्र सामाजिक वृत्तिप्रदर्शनाच्या वर्गात गेल्या. तेथे अभिनंदन, दिलगिरी, सांत्वन यांची संगत आहे. अनुकूलता दर्शवणारे एक क्रियापद तर त्यांनी दोन्ही वर्गांत नोंदवले. हा वर्गीकरणातील ढिलेपणा नव्हे. एकच उच्चार कधी बांधून घेतो आणि कधी केवळ चेहरा दाखवतो, ही भाषेतील वस्तुस्थितीच आहे. ‘सपोर्ट करणे’ या मराठी क्रियापदाची गती या दोन वर्गांच्या परिभाषेत नेमकी सांगता येते : ते वचनाची प्रतिष्ठा घेऊन वृत्तिप्रदर्शनाचे काम करते.

या सरमिसळीची किंमत कोठे मोजावी लागते, हे पाहण्यासाठी जव्हार तालुक्यातील वांगणी या गावाकडे वळावे लागते. (मुंबईकराला हे नाव ऐकून कर्जत मार्गावरचे रेल्वेस्थानक आठवते, ते वांगणी वेगळे.) तेव्हाच्या ठाणे आणि १ ऑगस्ट २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यातील हे आदिवासी गाव १९९२ साली शेजारच्या वावर गावासह महाराष्ट्राला एका जोडनावाने माहीत झाले. वावर-वांगणी परिसरात कुपोषण आणि आजार यांनी मोठ्या संख्येने बालके दगावली. शंभराहून अधिक हा आकडा तेव्हापासून सार्वजनिक चर्चेत राहिला आहे. मुख्यमंत्र्यांपासून पत्रकारांपर्यंत सर्वांची पावले तिकडे वळली आणि ‘वावर-वांगणी’ हे मराठी वृत्तभाषेत गावाचे नाव न राहता कुपोषणाचे नाव होऊन बसले. पुढे मेळघाटाविषयी लिहितानाही त्याचा दाखला दिला जाऊ लागला. २०१६ मध्ये मोखाडा तालुक्यातील बालमृत्यूंनी तीच चर्चा पुन्हा उभी केली.

त्या काळातील शब्दांचा एक वाद प्रसिद्ध आहे : हे मृत्यू भूकबळी म्हणायचे की आजाराने झालेले मृत्यू. शासनाला पहिला शब्द अडचणीचा होता, कारण बळी म्हटले की बळी घेणारा शोधावा लागतो. पण दुसरा एक प्रश्न वाद न होता सुटून गेला. अशा गावाच्या बाबतीत शहरातील सहानुभूतीदाराची क्रिया कोणती? ‘पाठिंबा’ हा शब्द येथे निरर्थक आहे. उपाशी मुलाला पाठिंबा देता येत नाही. मराठीत ते वाक्यच बनत नाही, आणि ते बनत नाही हे भाषेचे सामर्थ्य आहे. पाठिंबा मागणीला असतो, लढ्याला असतो, पक्षाला असतो. मुलाला आधार लागतो, आणि आधार म्हणजे धान्य, दवाखाना, रोजगार, पावसाळ्यात टिकणारा रस्ता. भाषा अशा प्रकारे बोलणाऱ्याला निवड करायला भाग पाडत होती : काही देणार की काही म्हणणार? ‘वांगणीच्या लोकांना सपोर्ट’ हे वाक्य निर्वेधपणे बनते आणि ती निवड टळते. म्हणणाऱ्याला दिल्याचे समाधान मिळते. आदिवासी भागांविषयीच्या मराठी लेखनाचा, त्यातील कळवळ्याच्या कवितांचा आणि त्या कवितांवरील परीक्षणांचा एक मोठा भाग या टळलेल्या निवडीच्या छायेत आहे, असे म्हणणे कठोर वाटेल, पण ते अन्यायाचे नाही.

याच डोंगरपट्ट्याच्या इतिहासात उलट दिशेचे उदाहरणही आहे. जानेवारी १९४५ मधील टिटवाळ्याच्या किसान परिषदेनंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वारल्यांची वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धत यांविरुद्ध लढा उभारला. ऑक्टोबर १९४५ मध्ये, आज विक्रमगड तालुक्यात असलेल्या तलवाडा येथे हजारो वारली जमले. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी आवई उठवली गेल्यामुळे ते आले होते. जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मारले गेले. जेठ्या गांगड हे त्यांतील पहिले नाव म्हणून स्मरणात राहिले. ‘पाठीशी उभे राहणे’ हा वाक्प्रचार येथे अक्षरशः घडतो. आणखी एक गोष्ट येथे घडते, जिची नोंद वाङ्मयीन चर्चेत सहसा होत नाही : पाठीशी उभे राहणारे येथे वारली आहेत. शिकलेल्या, शहरातून आलेल्या बाईसाठी आदिवासी उभा राहतो. सहानुभूतीच्या रूढ व्याकरणात कर्ता शहर आणि संप्रदान रान असते. तलवाड्याने त्या वाक्याच्या विभक्ती उलटवल्या.

या लढ्यावर गोदावरी परुळेकरांनी लिहिलेले ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. ‘पुरस्कार’ या शब्दाचा मराठीतील दुहेरी संसार या प्रसंगी जितका उघडा पडतो तितका क्वचितच पडत असेल. पुरः म्हणजे पुढे. पुरस्कार म्हणजे पुढे करणे. एखाद्या मताचा पुरस्कार करणे म्हणजे ते लोकांपुढे ठेवून त्याची जबाबदारी घेणे. काही जुन्या ग्रंथांच्या आरंभी मान्यवरांनी लिहिलेल्या मजकुराला ‘पुरस्कार’ असेच शीर्षक असे, ते याच अर्थाने. पुढे संस्थांच्या पारितोषिकांसाठी तोच शब्द रूढ झाला आणि ‘करणे’ची जागा ‘देणे’ने घेतली. राष्ट्रीय अकादमीने या पुस्तकाला पुरस्कार दिला. त्यातील जमीनविषयक भूमिकेचा पुरस्कार केला असे कोणी म्हणणार नाही, अकादमीने तसे करावे अशी अपेक्षाही नव्हती. येथे आक्षेपाचा मुद्दा संस्थेचा नाही. पारितोषिकानंतर मराठी समीक्षेने त्या पुस्तकाचे काय केले, हा आहे. ते पुस्तक गौरवले गेले, अभ्यासक्रमांच्या याद्यांत अधूनमधून आले, आणि बहुधा ‘सामाजिक दस्तऐवज’ या विशेषणाखाली झाकले गेले. त्याच्या निवेदनातील कार्यकर्ती आणि निवेदिका यांचे संबंध, वारल्यांचे बोलणे लेखिकेच्या प्रमाण गद्यात उतरताना होणारे फेरफार, शीर्षकात ‘आदिवासी’ न म्हणता ‘माणूस’ म्हणण्यामागील विचार, हे सारे समीक्षेचे काम होते. गौरवाने ते काम झाल्यासारखे वाटू लागले. मान्यता दिली की वाचनाची जबाबदारी संपते, ही ‘सपोर्ट’ची वृत्ती तो शब्द रूढ होण्याआधीच समीक्षेत रुजली होती, क्रियापद नंतर आले आणि तिला सोयीचे घर मिळाले.

भिल्ल समाजातून आलेले कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवली जाते. आपले दुःख आपल्याला सांगणारे व्यासपीठावर आहेत आणि ज्यांचे ते दुःख आहे ते खाली बसले आहेत, ही त्या कवितेतील परिस्थिती. या कवितेचे वाचन बहुधा नेतृत्वावरील टीका म्हणून होते. ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. व्यासपीठावरील माणसे विरोधक नाहीत, ती सपोर्ट करणारी आहेत. कवितेचा घाव त्यांच्या मतावर नसून त्यांच्या जागेवर आहे. शत्रूच्या जागेवर प्रश्न उभा करणे सोपे. मित्राच्या जागेवर उभा करायचा तर ‘पाठिंबा’ या एका शब्दात दडलेले दोन प्रश्न वेगळे करावे लागतात : कशाला आणि कोठून. या कवितेची मराठी समीक्षकांनी ज्या उत्साहाने वाखाणणी केली, त्यात ती बहुतेक वेळा व्यासपीठावरूनच झाली हा विनोद लक्षात कोणी घेतला, याचा शोध घेण्याजोगा आहे.

यातून एक सैद्धांतिक प्रश्न उरतो. साहित्यकृतीविषयी अनुकूल विधान करणे म्हणजे नेमके काय करणे? सी. एल. स्टीव्हन्सन यांच्या १९४४ मधील मांडणीप्रमाणे ‘हे चांगले आहे’ याचा अर्थ स्थूलमानाने ‘मला हे पसंत आहे, तुम्हीही पसंत करा’ असा होतो. हे विश्लेषण मान्य केले तर समीक्षा आणि सपोर्ट यांत तत्त्वतः अंतर उरत नाही. दोन्हींत एक पसंती आणि एक आवाहन. कांटच्या १७९० मधील तिसऱ्या मीमांसेने दिलेले उत्तर अधिक अवघड आहे. ‘हे सुंदर आहे’ म्हणणारा इतरांच्या सहमतीचा अंदाज बांधत नाही, ती सहमती त्यांच्याकडून अपेक्षितो. आणि तरीही तिच्यासाठी त्याच्याजवळ सिद्ध नियम नसतो. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ने (१९७४) हा पेच मराठीत आणला तेव्हापासून सौंदर्यविधानाच्या तार्किक स्वरूपाची चर्चा येथे झाली. परंतु ती चर्चा चित्र, संगीत आणि श्रेष्ठ काव्य यांच्या उदाहरणांभोवती फिरली. उपेक्षित समूहातून आलेल्या लेखनाची वेळ आली तेव्हा समीक्षकांनी हा पेच बाजूला ठेवला आणि सहमतीची अपेक्षा सोडून सहानुभूतीचे आवाहन केले. कवी दुर्लक्षित समाजातला आहे म्हणून त्याला सपोर्ट केला पाहिजे, या वाक्यात कवितेविषयी एकही विधान नाही. तिच्यातील प्रतिमेविषयी, लयीविषयी, बोलीच्या वापराविषयी वाद घालण्याइतका मान त्या कवितेला दिला गेलेला नाही. नापसंतीचा अधिकार राखून ठेवल्याखेरीज पसंतीला वजन येत नाही; ज्या कवीला कधीच वाईट म्हणायचे नाही असे ठरले आहे, त्याला चांगला म्हटल्याने काही मिळत नाही.

आता विरुद्ध बाजू. ‘सपोर्ट’ हा शब्द केवळ आळसाने पसरला असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही. वर ज्या शब्दांचे वैभव वर्णिले त्यांपैकी बहुतेकांत उतरंड आहे. कैवार बलवानाने दुर्बळाचा घ्यायचा. शिफारस मधल्याने करायची. पाठीवर हात वडीलधाऱ्याने ठेवायचा. आधार देणारा उभा आणि घेणारा वाकलेला. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात गेलेली मुलगी ‘घरच्यांचा सपोर्ट आहे’ म्हणते, तेव्हा तिला आश्रय म्हणायचे नसते, परवानगी तर नसतेच. आणि या दोहोंना टाळून जाणारा तिसरा शब्द मराठीने तिच्या हाती सहज ठेवला नव्हता. ‘साथ’ हा शब्द होता, पण तो गाण्यात आणि संसारात गुंतलेला. समान पातळीवरून मिळणारे, उपकाराचे ओझे न टाकणारे बळ, हा अर्थ सांगण्यासाठी तिने इंग्रजी क्रियापद उचलले असेल, तर त्या निवडीत मराठी समाजरचनेवरील एक अचूक शेरा आहे. तेव्हा आक्षेप शब्दाच्या अस्तित्वाला नाही. घरगुती बोलण्यात तो जी मोकळीक देतो तीच समीक्षेत आणि सार्वजनिक व्यवहारात पळवाट होते, एवढेच.

सार्वजनिक व्यवहारात या शब्दावाचूनही पाठिंबा व्यक्त होत आला आहे, याची उदाहरणे साहित्यसंमेलनाच्या इतिहासातच आहेत. १९७५ मध्ये आणीबाणी चालू असताना कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतिस्वास्थ्यासाठी उपस्थितांना उभे राहून प्रार्थना करण्यास सांगितले. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण तेव्हा केंद्रीय मंत्री होते. प्रार्थना ही निरुपद्रवी क्रिया. आजारी माणसासाठी ती कोणीही करावी. पण उभे राहणाऱ्या प्रत्येकाला आपण काय करीत आहोत हे ठाऊक होते, आणि बसून राहण्याचाही अर्थ झाला असता. त्या कृतीला तारीख आहे, जागा आहे आणि तिची किंमत आहे : दुर्गाबाईंना पुढे तुरुंगवास घडला. २०१९ च्या यवतमाळ संमेलनात नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले, तेव्हा काही निमंत्रित लेखकांनी आपला सहभाग रद्द केला. तीही अशीच, न जाण्याची कृती. तिच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद होऊ शकतात. मतभेद होण्याइतकी ती स्पष्ट होती, हे येथे महत्त्वाचे.

वांगणी ज्या अनुसूचित क्षेत्रात येते तेथे हा शब्दव्यवहार कायद्याच्या भाषेतही उतरला आहे, आणि समीक्षकाने वाचावी अशी ती संहिता आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यांनी ग्रामसभेला जे अधिकार दिले त्यांत क्रियापदांची श्रेणी लावलेली आहे. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी सल्लामसलत करायची. गौण खनिजाच्या पट्ट्यासाठी त्यांची शिफारस घ्यायची. विकासाच्या योजना अमलात येण्याआधी ग्रामसभेने त्यांना मंजुरी द्यायची. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अशा क्षेत्रांसाठी पूर्वसंमती हा शब्द आणला. सल्ला, शिफारस, मंजुरी, संमती : चारांचे वजन सारखे नाही आणि वाद होतो तो नेमका या वजनांवर. मूळ इंग्रजी कायद्यातील मंजुरीचे वाक्य तर दुहेरी वाचता येते. ग्रामसभा मंजुरी ‘देईल’ या आज्ञार्थी रचनेचा एक अर्थ असा की तिच्या मंजुरीवाचून योजना पुढे सरकणार नाही. दुसरा असा की मंजुरी देणे हे तिचे कर्तव्यच आहे. पहिल्या वाचनात गावाला नकाराचा अधिकार आहे, दुसऱ्यात नाही. ‘प्रकल्पाला गावाचा सपोर्ट आहे’ असे वाक्य कागदावर येते तेव्हा या चार शब्दांपैकी कोणता शब्द त्याखाली गाडला गेला, हे विचारण्याची सवय वाङ्मयाच्या अभ्यासकाला असते. निदान असायला हवी.

ग्रामसभेच्या ठरावाच्या नमुन्यात मजकुरानंतर दोन जागा असतात, एक सूचकाच्या नावासाठी आणि एक अनुमोदकाच्या. त्यांखाली ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ ही ओळ आणि उपस्थितांच्या सह्या किंवा अंगठे. बहुतेक वाचक ठरावाचा मजकूर वाचतात. अनुमोदकाची जागा कोरी आहे की भरलेली, ते नाव प्रत्येक ठरावाखाली तेच येते की बदलते, ‘सर्वानुमते’ ही अक्षरे त्याच शाईची आहेत की आधीच छापलेली, हे तपासले तर त्या गावातील संमतीचे व्याकरण हाती लागू शकते. मराठी समीक्षेने अशा संहिता अद्याप आपल्या मानलेल्या नाहीत.